श्टुटगार्टहून मुलुंडला: जर्मनी सोडून मुंबईत पुन्हा संसार मांडणाऱ्यांसाठी

मे २०२५ मध्ये आम्ही मुंबईत परत आलो. नवरा, मी, नऊ वर्षांची मुलगी आणि सात बॅगा. २०१५ साली जर्मनीला निघालो तेव्हा सल्ला द्यायला अर्धी चाळ लोटली होती. थर्मल कुठून घ्यायचे, कुकर न्यायचा का, मेतकूट कस्टमवाले अडवतात का, सगळं. परत येताना मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. ‘आपल्याच गावी येताय, त्यात काय सांगायचं?’ असंच सगळ्यांना वाटतं. मलाही वाटत होतं. पहिल्या सहा महिन्यांत इतक्या ठिकाणी ठेच लागली, की शेवटी एक वही घातली. हा लेख त्या वहीतून उतरवलाय.

श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. म्हणजे कागदोपत्री बहिणी, पण एकीच्या घरातली रीत दुसरीला ठाऊक नाही. सगळ्यात मोठा फरक मला कळायला बरेच आठवडे लागले. जर्मनीत तुम्ही म्हणजे तुमचा पत्ता. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. ती झाली की बँक, कर, डॉक्टर, पगार सगळं सुरळीत. इमारतीत फ्लॅट नंबरही नसतो, बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव असतं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. मुंबईत पत्ता म्हणजे ‘गणपती मंदिराच्या मागची गल्ली, खाली पोळी-भाजी केंद्र आहे ती बिल्डिंग’. त्याने कोणाचं काही अडत नाही. इथे तुम्ही म्हणजे तुमचा मोबाइल नंबर. तो नसेल तर तुम्ही जगातच नाही. खालच्या पायऱ्यांचा क्रम याच हिशेबाने लावलाय.

१. निघायच्या सहा महिने आधी: भारतातला नंबर जिवंत करा

इथे माझी सगळ्यात मोठी चूक झाली. जाताना माझा जुना नंबर चालू होता. दोन-तीन वर्षं बाबा रिचार्ज करत होते, मग त्यांच्या लक्षातून गेलं आणि माझ्याही. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे दुसऱ्या कोणाला देऊही शकते. माझा तसाच गेला. आधार, पॅन, बँक, सगळीकडे तोच नंबर. परत आल्यावर न राहवून त्यावर फोन लावला, तर कळव्याचे एक रिक्षावाले काका बोलले. म्हणाले, “ताई, चार वर्षं झाली, तुमच्या बँकेचे ओटीपी येतायत. बंद करा की ते!”

बंद करायला काय करावं लागलं? बँकेच्या शाखेत स्वतः हजर. त्यांना हवं अद्ययावत आधार. आधारवरचा मोबाइल बदलायची तेव्हा ऑनलाइन सोय नव्हती, आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागले. केंद्रात गर्दी, आणि नवा नंबर नोंदला जाईपर्यंत बँकेचं काम थांबलेलं. यात तीन आठवडे गेले. त्या काळात घरभाडं सासूबाईंच्या खात्यातून दिलं.

तेव्हा हे करा: भारतातली सिम जर्मनीत रोमिंगवर चालू ठेवा, कमीत कमी ओटीपीचे मेसेज आले पाहिजेत. शेवटच्या भारतभेटीत आधार, पॅन आणि बँकेत तोच नंबर आहे ना, हे तपासा. आधार-पॅन जोडलंय का, तेही तेव्हाच बघा. ज्यांचा नंबर गेलेला आहे त्यांनी सुट्टीतले दोन दिवस फक्त याला द्यावेत. गोव्याला नंतर जा.

२. जर्मनी सोडताना: सगळं कागदावर, सहीनिशी

इथे उलटा सापळा आहे. घर सोडायची तीन महिन्यांची नोटीस, म्हणजे क्युंडिगुंग, ईमेलने दिली तर धरत नाहीत. कागदावर, शाईच्या सहीनेच द्यावी लागते. आणि महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोहोचली नाही तर अख्खा महिना पुढे जातो. आमच्या ओळखीच्या एका पुणेकर जोडप्याने व्हॉट्सअॅपवर घरमालकाला कळवलं, त्याने हसरा चेहरा पाठवला, हे निश्चिंत. एका महिन्याचं भाडं जास्तीचं गेलं.

घर ताब्यात देताना भिंतीतली भोकं बुजवा, फोटो काढा आणि ताबापत्रावर दोघांच्या सह्या घ्या. अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असते, पण ती लगेच मिळत नाही. गरम पाणी, हीटिंगचा वार्षिक हिशेब व्हायचा असतो, तोवर मालक त्यातला काही भाग अडवून ठेवू शकतो. म्हणून जर्मन बँकखातं निदान वर्ष-दीड वर्ष बंद करू नका. कराचा परतावाही त्यातच येतो, आणि ऐच्छिक विवरणपत्र मागच्या चार वर्षांचं भरता येतं. हो, आणि जर्मन खात्याचं अॅप जर्मन नंबरला बांधलेलं असेल तर ती सिमही सोबत घ्या. तेवढ्यापुरता तिकडेही नंबर म्हणजेच माणूस.

पत्ता रद्द करणं, म्हणजे आबमेल्डुंग, निघायच्या फार तर एक आठवडा आधी करता येतं. तो शिक्क्याचा एक कागद जिवापाड जपा. इंटरनेट, जिम, आणि दर घरटी महिना १८.३६ युरोची ती रेडिओ-टीव्हीची वर्गणी, हे सगळं बंद करायला तोच लागतो.

३. सोबत काय आणायचं

हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही:

- सगळ्यांचे पासपोर्ट, जुने रद्द झालेलेही
- मुलाचा जन्मदाखला, आंतरराष्ट्रीय नमुन्यातला. भारतीय वकिलातीतली नोंद झाली असेल तर तिचा कागद
- शाळेचे निकाल आणि शाळा सोडल्याचं पत्र, शपथबद्ध भाषांतरकाराकडून इंग्रजीत करून
- लसीकरणाची पिवळी वही
- आबमेल्डुंगचा शिक्का, शेवटच्या तीन वर्षांचे पगाराचे आणि कराचे वार्षिक दाखले
- पेन्शन विम्याचा क्रमांक
- दहा-बारा पासपोर्ट फोटो, भारतीय मापाचे

विजेची उपकरणं चालतात, दोन्हीकडे २३० व्होल्ट, फक्त प्लग बदलावा लागतो. लोकरीचे जाड कोट आणू नका. मी आणले. ऑगस्टमध्ये कपाट उघडलं तर नवऱ्याच्या काळ्या कोटावर हिरवट-पांढरी लव उगवली होती, एखाद्या जुन्या लोणच्यावर असते तशी.

मूल तिकडे जन्मलं असेल आणि जर्मन नागरिक असेल तर त्याचं ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळतं ते, तिकडूनच करून या.

४. घर: जुलैत बघा

श्टुटगार्टला घर मिळवायचं म्हणजे नोकरीचा अर्ज. पगाराच्या स्लिपा, आधीच्या मालकाचं पत्र, पत दाखवणारा दाखला, आणि एका घरासाठी जिन्यावर चाळीस माणसं रांगेत. वर घर मिळालं तरी स्वयंपाकघर नाही! ओटा, सिंक, शेगडी मागचा भाडेकरू उखडून घेऊन जातो. छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात.

मुंबईत हे दोन दिवसांत होतं. एजंट एका संध्याकाळी सहा घरं दाखवतो, एक महिन्याचं भाडं दलाली घेतो, आणि ओटा, पंखे, गीझर जागेवर असतात. म्हणूनच घाईत फसायला होतं. बघायच्या गोष्टी:

पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ, हे एजंटला विचारू नका, शेजारच्या दाराची बेल वाजवून विचारा. जर्मनीत अनोळखी शेजाऱ्याची बेल वाजवणं म्हणजे आगाऊपणा, इथे त्या काकू तुम्हाला आत बोलावून पाणीच काय, वरच्या मजल्यावरचं भांडणही सांगतील. क्षेत्रफळ कार्पेट विचारा, बिल्टअप नाही. पश्चिमेची खिडकी असेल तर चार ते सहा वेळात घर बघा. आणि शक्य असेल तर पावसात बघा. आम्ही मेमध्ये घर घेतलं, भिंती कोऱ्या करकरीत. जुलैत बेडरूमच्या कोपऱ्यात ओल फुटली. मालकाला फोटो पाठवला, तर ते म्हणाले, “हो, दरवर्षी येते.”

करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चा, बहुतेक ११ महिन्यांचा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार त्याची नोंदणी सक्तीची आहे, साध्या स्टॅम्पपेपरवर भागवू या म्हणणाऱ्याचं ऐकू नका. हाच नोंदणीकृत करार पुढे आधारवरचा पत्ता बदलायला, बँकेला, गॅसला चालतो. नोंदणीला कचेरीत जावं लागत नाही. एक मुलगा लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. आमच्याकडे रात्री नऊला आला. मालकांचा अंगठा जुळला, नवऱ्याचा जुळला, माझा काही जुळेना. “ताई, भांडी तुम्ही घासता का?” त्याने विचारलं. दहा वर्षं घासत होते. शेवटी त्याने खिशातून व्हॅसलिनची डबी काढली, अंगठ्याला चोळायला लावलं, आणि तिसऱ्या खेपेला मी महाराष्ट्र शासनाच्या नोंदी आले. श्टुटगार्टला याच कामासाठी सहा आठवड्यांनंतरची वेळ मिळाली होती, नंबर लागला तेव्हा काम चार मिनिटांत झालं. इथे वेळ लगेच मिळाली, कामाला दीड तास लागला आणि सगळ्यांचा चहा झाला. कोणती पद्धत बरी, यावर आमच्या घरात अजून मतभेद आहेत.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देण्याचं काम मालकाचं, पण झालंय का ते तुम्ही विचारा. वीज कोणाची हेही विचारून घ्या. शहरात बेस्ट, बऱ्याच उपनगरांत अदानी किंवा टाटा, पण भांडुप-मुलुंडला महावितरण.

५. बँक आणि कर

थोडक्यात सांगते, कारण यात सीए गाठण्याला पर्याय नाही.

कायमचे परत आलात की बँकेला कळवावं लागतं. एनआरई आणि एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची खाती तशीच चालू ठेवता येत नाहीत, ती निवासी खाती करून घ्यायची असतात. युरो युरोतच ठेवायचे असतील तर त्यासाठी आरएफसी नावाचं खातं असतं, बँकेतल्या पहिल्या खिडकीवरच्या माणसाला ते माहीत नसतं, मॅनेजरला विचारा. आयकरात बरीच वर्षं बाहेर राहून आलेल्याला सुरुवातीची दोन-एक वर्षं ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळू शकतो. नाव विनोदी आहे, पण त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर इथे सहसा कर लागत नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि त्या वर्षात इथे किती दिवस राहिलात ते मोजलं जातं, म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या आधी सीएशी बोला. आम्ही नंतर बोललो.

रोख रकमेची एक गंमत. आम्ही गेलो तेव्हा यूपीआय नव्हतं, ते २०१६ चं. आणि जर्मनीत बेकरीपासून न्हाव्यापर्यंत ‘फक्त रोख’ अशा पाट्या. दहा वर्षांत मला नाणी मोजायची सवय लागली. मुलुंड स्टेशनबाहेर कोथिंबीरवालीला दहाची नोट दिली तर ती वैतागली, “सुट्टे नाहीत, स्कॅन करा ना!” नंबर नाही तर बँक नाही, बँक नाही तर यूपीआय नाही, यूपीआय नाही तर कोथिंबीर नाही. पहिली पायरी पहिली का, ते यावरून लक्षात यावं.

६. शाळा

सापळा पहिला: वर्ष. मुंबईत बहुतेक शाळा जूनमध्ये सुरू होतात. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये वर्ष सप्टेंबरात सुरू होऊन जुलैच्या शेवटी संपतं. जूनचा मुहूर्त गाठायचा तर मूल वर्ष अर्धवट टाकून येणार, हातात फक्त फेब्रुवारीतला सहामाही निकाल. इथल्या शाळेशी डिसेंबर-जानेवारीतच बोला आणि सहामाही निकाल चालेल का हे लेखी घ्या. हो, इथेही कधीकधी लेखी घ्यावं.

सापळा दुसरा: गुण. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे नापास. मी मुलीचा निकाल कौतुकाने काउंटरवर ठेवला. क्लार्कबाईंनी चष्मा वर केला, गणितात १, चित्रकलेत १, जर्मनमध्ये २ असं वाचत गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “काही प्रॉब्लेम आहे का मुलीला? आमच्याकडे समुपदेशक आहेत.” भाषांतरकाराकडून गुणपद्धतीचा तक्ता त्याच कागदावर खाली छापून घ्या.

सापळा तिसरा: मराठी. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे. घरी बोलतो म्हणून आम्ही निर्धास्त होतो. बोलणं वेगळं, ‘ज्ञ’ आणि रफार वेगळा. सोडायच्या वर्षभर आधीपासून रोज अर्धा तास देवनागरी लिहून घ्या.

आणखी एक, याला उपाय माझ्याकडे नाही. तिकडे माझी मुलगी पहिलीपासून दप्तर पाठीला लावून मैत्रिणीबरोबर चालत शाळेत जायची. इथे रिक्षावाल्या काकांबरोबर जाते. आठवडाभर ती मला विचारत होती की मी काय चुकीचं केलं. मुलांना आधी सांगून ठेवा.

७. दवाखाना आणि विमा

तिकडे पगारातून विमा आपोआप कापला जायचा, विचार करावा लागत नसे. इथे पॉलिसी स्वतः घ्यायची आणि ती विमानातून उतरण्याच्या आधी घ्यायची. नव्या पॉलिसीत अपघात सोडल्यास पहिले ३० दिवस आजारपणाला संरक्षण नसतं, आणि आधीपासून असलेल्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. नवऱ्याला आल्यापासून तिसऱ्या आठवड्यात डेंग्यू झाला. पॉलिसी आदल्याच आठवड्यात घेतलेली. खिशातून भरले. रक्तदाब, साखर वगैरे असेल तर फॉर्मवर लपवू नका, पुढे दावा तिथेच अडतो.

बाकी मुंबईतली सोय बघून डोळ्यांत पाणी येतं. श्टुटगार्टला त्वचेच्या डॉक्टरांची तारीख तीन महिन्यांनी मिळायची, तोवर पुरळ आपोआप जायचं. मुलुंडला रात्री साडेनऊला आमचे फॅमिली डॉक्टर दवाखान्यात असतात आणि रक्ततपासणीला मुलगा घरी येतो. फक्त फाइल तुमची तुम्ही सांभाळायची.

८. घरकाम, जिना आणि कचरा

श्टुटगार्टच्या भागात केअरवोखे नावाचा प्रकार आहे, म्हणजे झाडू मारायचा आठवडा. इमारतीचा जिना आळीपाळीने भाडेकरूंनी झाडायचा. पाळी आली की दाराला पाटी अडकवलेली असते. आमच्या दुसऱ्याच आठवड्यात खालच्या ऐंशीच्या आजीबाई वर आल्या आणि बोटाने कोपरा दाखवून गेल्या. दहा वर्षांत तो कोपरा माझ्या हाडात मुरला. मुलुंडला आल्यावर पहिल्या शनिवारी मी सवयीने मजल्यावरचा पॅसेज झाडायला घेतला. समोरच्या काकूंनी पाहिलं, सेक्रेटरींना फोन केला, सेक्रेटरींनी सफाईवाल्याला झापलं, आणि तो बिचारा माझ्या दारात येऊन उभा राहिला, “मॅडम, माझं काय चुकलं?” तेव्हा हे करू नका.

कामाला बाई लावायची की नाही यावर परत आलेले लोक फार तात्त्विक बोलतात. मी एवढंच सांगेन, लावणार असाल तर पहिल्याच दिवशी बोलून घ्या: कोणती कामं, किती वाजता, महिन्याला किती सुट्ट्या, दिवाळीला एक पगार, मे महिन्यात गावी जाणार असतील तर बदली कोण. सोसायटीत चालू असलेला दर विचारा आणि तेवढाच द्या, कमीही नको. आमच्या मावशी पाच घरं करतात आणि त्यांना माझ्यापेक्षा वेळेचं भान आहे.

कचऱ्याचं म्हणाल तर तिकडे राहिलेला, ओला, कागद, पिवळी पिशवी, काचा रंगाप्रमाणे वेगळ्या, त्याही रविवारी टाकायच्या नाहीत कारण आवाज होतो. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत, यंत्रात टाकली की परत. इथे आम्ही आलो तेव्हा ओला आणि सुका, दोनच डबे होते. मी दह्याचे डबे धुऊन, वाळवून, झाकणं वेगळी करून ठेवत होते. आठ-दहा झाले तशा मावशी म्हणाल्या, “ताई, सुक्यात टाकू नका, मला द्या. लेकीला डब्यात चटणी द्यायला होतात.” रद्दी आणि बाटल्या भंगारवाल्याला. तो वजन करतो आणि पैसे देतो. त्याच्या काट्याकडे नीट बघा.

९. वेळ आणि आवाज

प्लंबर ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणाला की त्याचा अर्थ ‘तुमचं काम डोक्यात आहे’ एवढाच. ईमेल लिहू नका, कोणी वाचत नाही. मी सोसायटीला गळतीबद्दल तीन परिच्छेदांचं पत्र फोटोंसह पाठवलं होतं, महिनाभर काही नाही. मग एका संध्याकाळी ऑफिसात जाऊन खुर्चीवर बसले, सेक्रेटरींच्या नातवाची चौकशी केली. दुसऱ्या दिवशी माणूस आला. पद्धत अशी: सकाळी मेसेज, अकराला फोन, मग ‘निघालात का?’ असा दुसरा फोन, आणि वॉचमनला सांगून ठेवणं. कामाच्या माणसांचे नंबर वॉचमनकडे असतात. पुन्हा नंबरच.

आवाजाचं मात्र आश्चर्य वाटेल. तिकडे रात्री १० ते सकाळी ६ शांतता, त्याच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्रीची वेळ हीच, १० ते ६. फरक एवढाच, की तिकडे दहा वाजून पाच मिनिटांनी मिक्सर लावला तर खालून काठी वाजते, आणि इथे साडेदहाला हळदीचा डीजे बंद करायला सांगायचं तर आपणच ‘नवीन आलेत वाटतं’ ठरतो. पहिल्या वर्षी भांडू नका. घर देवळापासून, हॉलपासून आणि मैदानापासून किती लांब आहे ते चौथ्या पायरीलाच बघा.

१०. लोकल

जर्मनीच्या गाड्या घड्याळाला लावून धावतात असं इथले नातेवाईक तुम्हाला ऐकवतील. तुम्ही फलाटावर कुडकुडलेले आहात, गप्प बसा. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी सुमारे ६२ टक्केच वेळेवर होत्या, आणि ‘वेळेवर’ म्हणजे सहा मिनिटांहून कमी उशीर. देशभर चालणारा महिन्याचा पास मात्र आठवतो, २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ झाला.

इथे पास तिमाही काढा, स्वस्त पडतो. मुलुंडला सगळ्या फास्ट थांबत नाहीत, इंडिकेटरवर बघून चढा, नाहीतर थेट ठाणे. दहा वर्षांत डबे बदलले, एसी लोकल २०१७ अखेर सुरू झाली, पण चढायची कला तीच आहे आणि ती अंगातून जाते. पहिले पंधरा दिवस अकरानंतर प्रवास करा. आणि रविवारचा बेत आखताना मेगाब्लॉक बघा. तिकडे रविवारी दुकानं बंद असतात, इथे रूळ.

गाडी घेणार असाल तर एक बरी बातमी, ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या टोलनाक्यांवर, मुलुंड धरून, हलक्या वाहनांना टोल नाही. ठाण्याला मामाकडे जायला आता निमित्त उरलेलं नाही, असं मामा म्हणतो.

११. तिकडे राहिलेलं शेपूट

अनामत परत यायला आम्हाला आठ महिने लागले. हिशेबाचं पत्र श्टुटगार्टच्या मैत्रिणीच्या पेटीत आलं, कारण जायच्या आदल्या दिवशी तिने आपल्या पेटीवर आमच्या आडनावाची चिठ्ठी डकवून घेतली होती. असं एखादं माणूस तिकडे ठेवा आणि वर्षभर चिठ्ठी काढू नको म्हणून सांगा.

शेवटचं पेन्शनचं. तिकडच्या पेन्शन विम्यात ६० महिन्यांपेक्षा कमी भरणा झाला असेल तर युरोपीय संघाबाहेर २४ महिने राहिल्यावर तुमचा वाटा परत मागता येतो, तारीख मोबाइलमध्ये आजच टाका. ६० महिने भरले असतील तर निवृत्तीच्या वयात तिकडून पेन्शनचा हक्क असतो. आमचे भरलेत. नवऱ्याला ती सुरू होईल सदुसष्टाव्या वर्षी. विम्याचा क्रमांक एका कागदावर लिहून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. जुलैत ओल आली तेव्हा तो निघून पडला, आता स्टीलच्या डब्यात आहे, वरून दुसऱ्या फळीवर, मेतकुटाच्या बरणीमागे. इथे लिहून ठेवते म्हणजे निदान कुठेतरी नोंद राहील.